नाभिवर्धन : नाळ, तिचे रक्त आणि अपुऱ्या दिवसांचे मूल

१

मराठीत देवापुढे नारळ फोडीत नाहीत, तो 'वाढवितात'. सुवासिनीची बांगडी फुटत नाही, ती 'वाढते'. अशुभ वाटणाऱ्या क्रियेला शुभ नाव देण्याची ही रीत भाषेच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु मनुष्याच्या आयुष्यातील पहिल्या छेदालाही हीच रीत लावली गेली होती, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जातकर्म हा संस्कार 'नाभिवर्धना'च्या पूर्वी करावा असे विधान आहे. येथे 'वर्धन' म्हणजे वाढविणे नव्हे, तर कापणे होय. टीकाकारांनीही तो शब्द छेदन या अर्थीच घेतला आहे.

या अर्थाला केवळ शुभसूचक आडपडदा म्हणून सोडून देता येत नाही. पाणिनीय परंपरेतील धातुपाठात 'वर्ध' या चुरादि धातूचे 'छेदन' आणि 'पूरण' असे दोन अर्थ एकत्र दिलेले आहेत. लाकूड तासणाऱ्या सुताराला संस्कृतात 'वर्धकि' म्हणतात आणि हिंदीतील 'बढई' हा त्याचाच वंशज होय. मराठीतील 'नारळ वाढविणे' हा प्रयोग या छेदनार्थी धातूचा अवशेष आहे की वृद्धिवाचक 'वृध्' धातूचा शुभोक्तीसाठी केलेला उपयोग आहे, हा वाद येथे मिटविण्याचे कारण नाही. बहुधा दोन्ही प्रवाह फार पूर्वीच एकमेकांत मिसळले असावेत. मुद्दा इतकाच की, कापणे आणि भरणे या दोन विरुद्ध क्रिया एकाच धातूच्या पोटी नांदत होत्या आणि नाळेच्या संदर्भात तो धातू योजला जात होता.

आज नाळेतील रक्त गोळा करून त्यातील पेशींनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांवर उपचार करता येतील काय, याचा शोध जगातील काही रुग्णालयांत चालू आहे. या शोधाच्या मुळाशी असलेला प्रश्न नेमका छेदन आणि पूरण यांचाच आहे. नाळ केव्हा कापावी, तिच्यातील रक्त कोणाकडे जावे आणि जे उरते त्याला काय म्हणावे, या तीन प्रश्नांचा इतिहास शब्दांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

आयुर्वेदाच्या संहितांत नाळेसंबंधी जे विवेचन आढळते ते मुख्यतः कापण्याच्या स्थानाविषयी, साधनाविषयी आणि क्रमाविषयी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नाभीपासून आठ अंगुळे अंतर राखून नाळ कापावी असे सांगितले असून, त्यासाठी सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडाच्या तीक्ष्ण शस्त्राचा निर्देश आहे. नाळ नीट न कापल्यास उद्भवणाऱ्या विकारांची नावेही तेथेच दिलेली आहेत. सुश्रुताने शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात आठ अंगुळांवर सूत्राने बांधून नाळ कापावी आणि त्या सूत्राचे टोक मुलाच्या गळ्यात सैल अडकवावे असा विधी दिला आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात हे अंतर चार अंगुळे मानले आहे, आणि कापण्यासाठी त्यानेही 'वर्ध' याच धातूचे रूप योजले आहे. चरकाने या क्रियेला 'नाडीकल्पन' म्हटले आहे. 'कल्पन' या शब्दातही रचणे आणि कातरणे असे दोन्ही अर्थ आहेत, हे लक्षणीय आहे.

क्रमाच्या दृष्टीने पाहता असे दिसते की, मूल सावध करणे, त्याचा श्वास परत आल्याची खात्री करून घेणे, त्याचे तोंड स्वच्छ करणे या क्रिया आधी येतात आणि नाडीकल्पन त्यानंतर येते. मनुस्मृतीतही संस्कार आधी आणि छेदन नंतर असाच क्रम आहे. यावरून प्राचीन वैद्यांना वारेतून मुलाकडे वाहणाऱ्या रक्ताचे ज्ञान होते असे अनुमान काढणे मात्र अयुक्त होय. ग्रंथांत विलंबाचे कारण दिलेले नाही. नाळ कापण्याची घाई त्यांच्या विधीत नव्हती, एवढेच प्रमाणाने म्हणता येते. ज्ञान नसतानाही एखाद्या रीतीचा परिणाम हितकर असू शकतो आणि त्याच रीतीचे दुसरे अंग घातकही असू शकते. अस्वच्छ विळ्याने किंवा पात्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होऊन दगावलेल्या नवजात मुलांची परंपरा या देशात फार दीर्घ होती. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले ते २०१५ साली. जुन्या रीतीचे गुणगान करताना या बाजूचे विस्मरण होता कामा नये.

३

संस्कृतातील 'नाल' म्हणजे कमळाचा पोकळ देठ. त्यापासून मराठीत नळ, नळी आणि नाळ ही शब्दमालिका आली. घोड्याच्या टापेला ठोकण्याचा 'नाल' हा अरबीतून आलेला असून त्याचा या नाळेशी संबंध नाही. संस्कृत वैद्यकातील 'अपरा' हिला मराठीत 'वार' म्हणतात, आणि मोल्सवर्थने आपल्या कोशात नाळ व वार या दोहोंची नोंद केलेली आहे. प्रसूती करणारी स्त्री देशावर 'सुईण' आहे, तर गोमंतकात 'वैजीण'. पहिला शब्द प्रसवाशी आणि दुसरा वैद्यकाशी नाते सांगतो. एकाच व्यवसायाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या दोन शब्दांत उमटल्या आहेत.

या दोन शब्दप्रदेशांच्या मध्ये कुडाळ वसले आहे. सावंतवाडी संस्थानात मोडणाऱ्या या गावाच्या नावावरूनच तेथील बोलीला 'कुडाळी' हे नाव पडले. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात तिचा परामर्श घेतलेला आहे, आणि डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेतील दुसरा ग्रंथ १९६५ साली याच बोलीला वाहिला. कोकणी आणि मराठी यांना जोडणारी बोली म्हणून अभ्यासक तिच्याकडे पाहतात. जोडणाऱ्या दुव्याला मराठी माणूस सहजपणे 'नाळ' म्हणतो, हा योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे.

नाळेचा हा लाक्षणिक अर्थ मुळात एका प्रत्यक्ष रीतीवर उभा आहे. पडलेली वार व नाळ घराच्या आवारात पुरण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. म्हणून 'येथे नाळ पुरली आहे' म्हणजे ही जन्मभूमी आहे, 'नाळ तुटली' म्हणजे मुळाशी संबंध सुटला, असे वाक्प्रचार रूढ झाले. दक्षिण कोकणात या अर्थाला सामाजिक वजनही आहे. मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत राबणारा चाकरमानी पिढ्यान् पिढ्या शहरात राहिला, तरी पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी जाई, आणि झील असो वा चेडू, त्याची नाळ गावच्या मातीतच पुरली जाई. ही वस्तू टाकाऊ नव्हती आणि मौल्यवानही नव्हती; ती पवित्र आणि अस्पर्श्य अशा दुहेरी कोटीतील होती. तिच्यातील रक्ताला मात्र वेगळे नाव नव्हते. ज्याला नाव नाही त्याची मालकी कोणाची, हा प्रश्नही उद्भवत नाही.

प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्यावर ही कोटी बदलली. १९९८ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी मानवी शरीराचे भाग व ऊती यांना कचऱ्याच्या वर्गवारीत घातले, आणि त्यांतच वारही आली. मातीत जाणारी वार पिवळ्या पिशवीत जाऊ लागली. आरोग्यरक्षणाच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. परंतु त्याच सुमारास हाच 'कचरा' अन्यत्र फार मोलाचा ठरत होता.

४

नाळ केव्हा बांधावी हा प्रश्न युरोपीय वैद्यकात स्पष्टपणे उपस्थित झाला तो एकोणिसाव्या शतकात. इरॅस्मस डार्विन याने १८०१ साली, मुलाने पुरेसा श्वास घेण्यापूर्वी आणि नाळेचे स्पंदन थांबण्यापूर्वी ती बांधल्यास मूल दुर्बल राहते, असा इशारा दिला होता. १८७५ साली पॅरिसमध्ये पिएर ब्यूदॅं याने हाच प्रश्न मोजमापाच्या कसोटीवर घेतला आणि तात्काळ नाळ बांधल्यास जे रक्त मुलाकडे जावयाचे ते वारेत अडकून पडते, हे दाखवून दिले. हाच ब्यूदॅं पुढे अपुऱ्या दिवसांच्या व दुर्बल अर्भकांच्या संगोपनशास्त्राचा एक प्रवर्तक म्हणून ओळखला गेला. नाळेच्या रक्ताचा विचार आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा विचार हे दोन्ही एकाच माणसाच्या कार्यात प्रथमपासून शेजारी शेजारी होते, ही गोष्ट पुढे विस्मृतीत गेली.

महाराष्ट्रात या काळी दुसरी एक घटना घडत होती. १८७८ साली आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून त्यांच्या वैद्यकशिक्षणाचा संकल्प दृढ झाला, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाला त्यांनी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. संहितांतील प्रसूतिविचार आणि पाश्चात्त्य वैद्यक यांची एका मराठी स्त्रीच्या अभ्यासात पडलेली ही गाठ तिच्या अकाली मृत्यूमुळे १८८७ साली सुटली.

अपुऱ्या दिवसांच्या जन्मावरील पुढचा महत्त्वाचा विचार कुडाळच्या दक्षिणेस, गोमंतकातील शिरोडे येथे १८९९ साली जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा आहे. गर्भाशयाचे मुख अकाली उघडू नये म्हणून त्याभोवती टाका घालण्याची त्यांची शस्त्रक्रिया १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि 'शिरोडकर टाका' या नावाने जगभर गेली. सुश्रुताच्या सूत्राने जन्मलेल्या मुलाची नाळ बांधली जाई. शिरोडकरांच्या टाक्याने मूल जन्माला येण्याची घाईच बांधून ठेवली.

परंतु ज्या काळात हा टाका जगन्मान्य होत होता त्याच काळात प्रसूतिगृहांत नाळ तात्काळ बांधण्याची पद्धत दृढ होत होती. मातेचा रक्तस्राव रोखण्यासाठी प्रसूतीच्या तिसऱ्या अवस्थेत औषध देणे, नाळ लवकर बांधणे आणि ती ओढून वार काढणे असा एकत्रित क्रम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्यातील औषधाचा उपयोग निर्विवाद ठरला. लवकर बांधण्याला मात्र मातेच्या हिताचा आधार मिळाला नाही. तरीही सवय म्हणून ती पद्धत टिकली. मूल जितके अपुऱ्या दिवसांचे, तितकी ती अधिक घाईने पाळली गेली. कारण अशा मुलाला तत्काळ उपचाराच्या टेबलावर नेणे आवश्यक वाटे.

५

वारेत अडकून राहिलेल्या या रक्ताला स्वतंत्र नाव आणि मोल मिळाले ते अशा परिस्थितीत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात व अन्यत्र नाळेतील रक्त रक्तसंक्रमणासाठी वापरून पाहिले गेले होते. १९७४ साली त्यात रक्तपेशी निर्माण करणाऱ्या मूळ पेशी असल्याचे आढळले. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी पांडुरोगाने आजारी असलेल्या बालकाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देऊन बरे केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये पहिली सार्वजनिक नाळरक्तपेढी उभी राहिली.

येथे एक भाषिक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मराठीत रक्तदानाच्या संस्थेला 'रक्तपेढी' हा शब्द रुळलेला आहे. शब्द सराफीतला असला तरी त्याचा व्यवहार दानाचा आहे: जो देतो तो परत मागत नाही आणि ज्याला गरज असते तो घेतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापली, तिचाही न्याय हाच होता. एका मातेचे दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलाला मिळे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात खासगी नाळरक्त संस्था आल्या त्या मात्र 'पेढी' म्हणून नव्हे, तर 'बँक' म्हणून. त्यांच्याबरोबर 'ठेव', 'विमा', 'भविष्याची तरतूद' ही शब्दावली आली. दानाच्या जागी बचतीचे रूपक आले आणि रूपकाबरोबर अपेक्षाही आली. 'मूलपेशी' हा पारिभाषिक शब्दही या अपेक्षेला पोषक ठरला. त्यातील 'मूल' म्हणजे मूळ, परंतु सामान्य वाचकाला तेथे अपत्यच दिसते.

या अपेक्षेला शास्त्राचा आधार क्षीण आहे. जो आजार आनुवंशिक आहे त्याचे बीज मुलाच्या स्वतःच्या नाळरक्तातही असते; म्हणून स्वतःची ठेव स्वतःच्या कामी येण्याचा संभव फार थोडा. डिसेंबर २०११ मध्ये अशा संस्थांना औषधविषयक नियमांखाली आणण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या निवेदनात, भविष्यात स्वतःसाठी म्हणून नाळरक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले. ज्या कुटुंबात आधीच एखाद्या भावंडाला अशा उपचाराची गरज आहे, त्याची गोष्ट अर्थातच वेगळी.

६

अपुऱ्या दिवसांच्या मुलांवरील पेशी-उपचारांचा विचार या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा; कारण येथे साठवण वर्षांची नाही, तर तासांची किंवा दिवसांची असते. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलाची फुप्फुसे अपक्व असतात आणि मेंदूतील रक्तवाहिन्या नाजूक असतात. प्राणवायू व कृत्रिम श्वसन यांनी जीव वाचतो, परंतु दाह होऊन फुप्फुस व मेंदू यांना चिरकाल इजा राहते. नाळेतील पेशी नव्या ऊती निर्माण करतील अशी कल्पना पूर्वी होती. आजचा विचार असा की, त्या पेशी जे द्रव्य स्रवतात त्याने दाह शमतो आणि रक्तवाहिन्यांचे रक्षण होते. चीनमधील क्वांगचौ येथे आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील मोनॅश संस्थेत अशा मुलांना त्यांच्याच नाळेतील पेशी देण्याचे अभ्यास झाले आहेत. हे सर्व अद्याप संशोधन आहे, रूढ उपचार नव्हे. आणि भारतीय परिषदेच्या नियमांप्रमाणे अशा कारणासाठी पेशींचा उपयोग मान्यताप्राप्त चिकित्साचाचणीबाहेर करता येत नाही.

आता प्रमाण पाहू. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या जन्मसमयी मूल व वार यांच्यातील एकूण रक्ताचा सुमारे एक तृतीयांश भाग वारेत असतो. तीस आठवड्यांपूर्वीच्या जन्मात तो जवळजवळ निम्मा असतो. आठशे ग्रॅम वजनाच्या मुलाच्या शरीरात सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाच्या लहान पेल्याइतके. अशा मुलाच्या वारेतून उपचारासाठी चार चमचे रक्त गोळा करणे म्हणजे काय, हे या प्रमाणावरून उमगते. पूर्ण दिवसांच्या मुलात जे 'उरलेले' म्हणता येईल, ते येथे मुलाच्या स्वतःच्या वाट्याचे असते.

विलंबाने नाळ बांधण्याचा लाभही अशाच मुलांत सर्वांत स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत एका मिनिटापूर्वी नाळ बांधू नये असे सुचविले. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्यांतील मुलांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, अपुऱ्या दिवसांच्या मुलांत विलंबामुळे रुग्णालयातील मृत्यूंची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे आढळले. घाईवर उपाय म्हणून नाळ बोटांनी पिळून रक्त मुलाकडे ढकलण्याची युक्ती मात्र फसली: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तेवीस ते सत्तावीस आठवड्यांच्या मुलांत मेंदूतील गंभीर रक्तस्राव पिळण्याच्या गटात २२ टक्के, तर थांबण्याच्या गटात ६ टक्के आढळला आणि ती चाचणी थांबवावी लागली. पूरण बळाने होत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. ज्या मुलाचा श्वास तत्काळ चालू करणे भाग आहे तेथे निर्णय वैद्याच्या हाती राहतो, हे मान्यच आहे. परंतु तो अपवाद होय, नियम नव्हे.

छेदन आणि पूरण यांतील विरोध अशा रीतीने पेशी-उपचारांच्या दारातच उभा राहतो. रक्त बाटलीसाठी राखावयाचे तर मुलाला तोटा, मुलाला द्यावयाचे तर बाटली रिकामी. मोनॅश येथील अभ्यासाने दाखविलेला मार्ग या विरोधातून वाट काढतो: नाळ प्रथम विलंबाने बांधावयाची आणि त्यानंतर वारेत जे खरोखर उरले असेल तेच गोळा करावयाचे. आधी पूरण, मग छेदन आणि शेवटी संग्रह. हा क्रम पाळूनही पुष्कळ प्रसंगी पुरेशा पेशी मिळू शकतात, हेच त्या अभ्यासाचे महत्त्व होय. शब्दाच्या इतिहासात जे दोन अर्थ सरमिसळ झाले होते, त्यांना येथे कालक्रम मिळाला.

७

या क्रमाचा अर्थ कुडाळसारख्या ठिकाणी अधिक स्पष्ट होतो. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने कुडाळ मुंबईला जवळ आणले; परंतु पेशी वेगळ्या करून गोठविणाऱ्या प्रयोगशाळा आजही मोठ्या शहरांतच आहेत. जिल्हा रुग्णालय जवळच ओरोस येथे आहे, आणि प्रकृती फारच नाजूक असेल तर सिंधुदुर्गातील रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरतात. अशा गावी अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले तर पेशी-उपचार त्याच्यापर्यंत पोहोचण्यास कित्येक वर्षे लागतील. परंतु एका मिनिटाचा विलंब तेथे आजच पोहोचू शकतो. त्यासाठी यंत्र नको, गोठवण नको, हप्ता नको. 'ॲनिमियामुक्त भारत' या २०१८ च्या कार्यक्रमात विलंबाने नाळ बांधण्याचा समावेश आहे, तो याच कारणासाठी.

साध्या साधनांचे सामर्थ्य महाराष्ट्राला नवे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजातांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यामुळे तेथील नवजातमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे बचावली ती मुले कोणत्याही दुर्मीळ औषधाने नव्हे, तर योग्य क्षणी योग्य कृती केल्याने.

पेशी-उपचारांचे संशोधन यामुळे गौण ठरत नाही. त्यातून उद्या जे हाती येईल ते अशा मुलांच्या फुप्फुसांना व मेंदूला तारणारे ठरू शकेल, आणि म्हणून ते नीट चाचण्यांतून पुढे गेलेच पाहिजे. परंतु त्याची भाषा बचतीची असता कामा नये. संमतिपत्रकावर सही करणाऱ्या आईबापांना 'ठेव' हा शब्द दिसतो तेव्हा ते रक्त आधीच 'जास्तीचे' ठरलेले असते. ते कोणाच्या वाट्यातून आले हा प्रश्न त्या शब्दाने पुसला जातो. 'नाभिवर्धन' हा जुना शब्द तो प्रश्न पुसत नाही. तो कापणे आणि भरणे या दोहोंची आठवण एकदम करून देतो. मराठीत या विषयाची परिभाषा अजून घडावयाची आहे, आणि ती घडविताना भरणे आधी व कापणे मागून हा क्रम शब्दांतही राखला गेला पाहिजे. गावच्या मातीत नाळ पुरणाऱ्या पिढ्यांना तिच्यातील रक्ताचे मोल ठाऊक नव्हते. ते आज ठाऊक झाले आहे, आणि त्याबरोबरच ते प्रथम कोणाचे आहे हेही ठाऊक झाले आहे.